बिडावरची अक्षरे : एका 'मूळ प्रती'चा शोध

'मूळ' हा शब्द साहित्याच्या अध्यापकाला स्वस्थ बसू देत नाही. मूळ संहिता, मूळ पाठ, मूळ प्रत हे शब्द वर्गात आपण सहज उच्चारतो; पण त्यांपैकी एकाचीही व्याख्या करायला बसलो की पंचाईत होते. ग्रंथ जितका लोकप्रिय, तितक्या त्याच्या नकला अधिक आणि तितकी त्याची पहिली प्रत धूसर. या अडचणीतूनच पाठचिकित्सा नावाचे शास्त्र उभे राहिले. कागद कोणता, शाई कशी, लेखनिकाच्या अक्षराचे वळण काय, पुष्पिकेत मिती कोणती, या खुणा एकमेकींशी ताडून पाहत अभ्यासक प्रतीचे वय आणि कूळ ठरवतो.

प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी विचारून पाहणार आहोत. अमेरिकेत १९६४ ते १९७२ या काळात तयार झालेल्या 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारी आणि त्यांच्या इंजिनांवरचे आकडे हा आमचा विषय आहे. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हे उघड आहे. परंतु या गाड्यांचे इंजिन मूळचे आहे की नंतर बसवलेले, हे ठरवण्यासाठी तेथील अभ्यासकांनी जी पद्धत घडवली, ती पाहताना आपल्याच शास्त्राचा एखादा दूरचा नातेवाईक भेटावा तसे आम्हांला वाटत राहिले. आपल्याकडेही जुनी गाडी घेताना आर.सी. बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या आकड्यांशी ताडून पाहतात. आरटीओत द्यायच्या कागदावर पेन्सिल घासून चासी नंबराचा छाप घेतलेला अनेकांनी पाहिला असेल. आपल्याकडे त्या ताडणीमागचा प्रश्न कायद्याचा असतो : गाडी चोरीची तर नाही? तिकडच्या संग्राहकांचा प्रश्न इतिहासाचा आहे : ही गाडी ज्या इंजिनासह जन्माला आली, ते हेच का?

हा प्रश्न याच गाड्यांच्या बाबतीत इतका तीव्र का व्हावा, हे समजण्यासाठी त्यांचा जन्म कसा झाला ते पाहिले पाहिजे. १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्स कंपनीचा एक अंतर्गत नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टियाक ही या कंपनीची एक शाखा. तिचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या मॉडेलासाठी या नियमातून पळवाट काढली. त्यांनी टेम्पेस्ट ल मॅन्स या मध्यम गाडीला ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन दिले. पण नवी गाडी म्हणून नव्हे, तर जुन्याच गाडीवर जादा पैसे मोजून घ्यायची एक सोय म्हणून. या सोयीचे नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि मग सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या. क्रायस्लरने १९६६ च्या मॉडेलांत ४२६ घनइंचांचे 'हेमी' इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणले. शेव्हरोलेने १९६७ मध्ये कमारोची झेड-२८ ही आवृत्ती काढली. फोर्डने १९६९ मध्ये मस्टँगच्या 'बॉस' आवृत्त्या आणल्या. पुढे जनरल मोटर्सनेच आपली मर्यादा उठवली आणि १९७० च्या शेव्हेल या मध्यम गाडीत ४५४ घनइंचांचे, ४५० अश्वशक्तीचे 'एलएस-६' हे इंजिन आले. तो या युगाचा कळस. १९७१ पासून धुरावरच्या निर्बंधांपायी इंजिनांची ताकद उतरू लागली, विम्याचे हप्ते चढले आणि १९७३ च्या तेलसंकटापर्यंत हे पर्व जवळजवळ आटोपले होते.

या इतिहासातली कळीची गोष्ट अशी की, मसल कार हे मुळात एक सामान्य गाडी आणि एक असामान्य इंजिन यांचे लग्न होते. दरवाजे, टप, काचा, आसने ही सगळी शाळामास्तर किंवा विमा एजंट चालवत असेल त्याच गाडीची. वेगळे होते ते बॉनेटखाली. म्हणून इंजिन काढून घेतले की ती गाडी पुन्हा सामान्य होते; आणि उलट, सामान्य गाडीत मोठे इंजिन बसवून चार पट्टे आणि दोन बोधचिन्हे लावली की ती दुर्मीळ भासू लागते. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओ गाड्यांचा क्रमांक साध्या ल मॅन्सहून वेगळा नव्हता. १९६६ पासून जीटीओला स्वतंत्र मॉडेलाचा दर्जा आणि स्वतंत्र आकडा मिळाला. १९७० च्या शेव्हेलच्या क्रमांकावरून इंजिन आठ सिलिंडरांचे आहे एवढे कळते. त्यातले कोणते, हे कळत नाही. नावाचे पान नसलेल्या पोथीचा कर्ता अंतर्गत पुराव्यावरून ठरवावा लागतो, तसेच येथे इंजिनालाच विचारावे लागते.

इंजिनाला विचारायचे म्हणजे त्याच्यावरची अक्षरे वाचायची. ही अक्षरे तीन प्रकारची असतात आणि त्या तिन्हींची साक्ष वेगवेगळ्या वजनाची असते, हे नवशिक्याला पहिल्यांदा शिकावे लागते.

पहिला प्रकार ओतकामाच्या क्रमांकाचा. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतताना साच्यातच कोरलेला क्रमांक ब्लॉकवर उठून येतो. शेव्हरोलेच्या या काळातल्या व्ही-८ ब्लॉकवर तो सहसा मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जेथे जोडतात त्या कडेवर असतो. हा क्रमांक नमुन्याचा असतो, वस्तूचा नव्हे. ३९७००१० या क्रमांकाचे ब्लॉक १९६९ पासून पुढे सुमारे दहा वर्षे ओतले गेले आणि ते ट्रकांपासून कॉर्व्हेटपर्यंत नाना गाड्यांत गेले. तेव्हा एखाद्या विक्रेत्याने तेवढाच क्रमांक दाखवून गाडी दुर्मीळ असल्याचे सांगितले, तर ते पोथी ओवीबद्ध आहे म्हणून ती ज्ञानेश्वरी असली पाहिजे, असे म्हणण्यासारखे होईल.

दुसरा प्रकार ओतकामाच्या तारखेचा. शेव्हरोलेच्या पद्धतीत महिन्यासाठी एक इंग्रजी अक्षर, मग दिवस आणि मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'ए' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे डिसेंबर. 'एल १२ ९' असे दिसले तर तो ब्लॉक १२ डिसेंबर १९६९ रोजी ओतला. अर्थात १९७९ किंवा १९५९ चाही असू शकेल. दशक ठरवायला पहिल्या क्रमांकाची मदत घ्यावी लागते. ज्यांनी मोडी पत्रे हाताळली आहेत त्यांना ही अडचण नवी नाही. तिथी आणि महिना आहे पण वर्ष नाही, अशी पत्रे मजकुरातल्या इतर उल्लेखांवरून कालक्रमात बसवावी लागतात. शिवाय प्रत्येक घराण्याची लेखनपद्धती निराळी. फोर्डच्या तारखेत वर्षाचा आकडा आधी येतो, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस; आणि फोर्डने महिन्यांच्या अक्षरांतून 'आय' गाळले आहे, बहुधा एकच्या आकड्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून. परिणामी 'जे' हे अक्षर शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ऑक्टोबर सांगते आणि फोर्डच्या ब्लॉकवर सप्टेंबर. एका संप्रदायाच्या लिपीची किल्ली दुसऱ्याच्या पोथीला लावली की अर्थाचा अनर्थ कसा होतो, याचे इतके सुटसुटीत उदाहरण आम्हांला वर्गात देता आलेले नव्हते.

तिसरा प्रकार ठशाचा, म्हणजे पोलादी पंच ठोकून उमटवलेल्या अक्षरांचा. हाच सर्वांत महत्त्वाचा. शेव्हरोलेच्या इंजिनावर पुढच्या अंगाला, उजव्या सिलिंडर हेडच्या समोर, मशीनने सपाट केलेली एक छोटी पट्टी असते. तिच्यावर इंजिन जुळवणाऱ्या कारखान्याची खूण, महिना, दिवस आणि मग प्रकारदर्शक अक्षरे असतात. 'टी०१०५सीआरव्ही' असा ठसा असेल, तर 'टी' म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा येथील कारखाना, ०१०५ म्हणजे ५ जानेवारी, आणि 'सीआरव्ही' म्हणजे १९७० च्या शेव्हेलसाठीचे, हाती गिअर टाकायच्या गाडीतले ४५० अश्वशक्तीचे एलएस-६. आता तेच शेवटचे अक्षर बदलून 'सीआरटी' करा : तेवढ्याच घनइंचांचे, त्याच गाडीतले, पण ३६० अश्वशक्तीचे 'एलएस-५' हे इंजिन होते. दोहोंच्या ब्लॉकवर ओतकामाचा ३९६३५१२ हा एकच क्रमांक आढळू शकतो. म्हणजे सगळा फरक एका अक्षराचा. आणि बाजारात त्या एका अक्षराला मोठी किंमत आहे.

याच पट्टीवर किंवा तिच्या आसपास आणखी एक ठसा येतो. १९६८ च्या सुमारापासून अमेरिकी कंपन्या गाडीच्या क्रमांकाचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही उमटवू लागल्या. जनरल मोटर्सच्या गाडीत त्यात शाखेचा आकडा, वर्षाचा आकडा, गाडी जुळवणाऱ्या कारखान्याचे अक्षर आणि गाडीचा अनुक्रम असतो. हा भाग समोरच्या काचेआडच्या पट्टीवरील क्रमांकाशी जुळला की संग्राहक गाडीला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. पण जाणकार तेवढ्यावर थांबत नाही. तो कालक्रम तपासतो. ब्लॉक आधी ओतला गेला पाहिजे, त्यानंतर इंजिन जुळले पाहिजे आणि त्यानंतर गाडी. हेड, इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर यांवरही आपापले क्रमांक आणि बहुतेकांवर तारखा असतात. त्या सगळ्या गाडीच्या जन्मतारखेच्या आधीच्या, पण फार आधीच्या नव्हेत, अशा असल्या पाहिजेत. मार्चमध्ये बाहेर पडलेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक सापडला, तर पुढची चर्चा खुंटते. कवीच्या निधनानंतरच्या घटनेचा उल्लेख त्याच्या नावावरच्या अभंगात आढळावा, तसेच ते.

येथवरचे विवेचन तंत्राचे झाले. आमच्या मते खरा मुद्दा या पुढे सुरू होतो.

ही अक्षरे कोणासाठी लिहिली गेली? इतिहासासाठी निश्चितच नव्हे. टोनावांडाच्या कामगाराने 'सीआरव्ही' ठोकले ते इंजिन योग्य गाडीकडे जावे म्हणून. तारीख घातली ती एखाद्या दिवसाचा माल सदोष निघाला तर तो शोधता यावा म्हणून. गाडीचा क्रमांक उमटवला तो चोराला पकडता यावे म्हणून. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी साधनांचे दोन वर्ग केले होते. काही साधने भावी पिढीला सांगण्यासाठीच रचलेली असतात. तर काही साक्षीदार होण्याचा कसलाही हेतू नसताना साक्षीदार ठरतात. दुसऱ्या वर्गाकडे इतिहासकार अधिक विश्वासाने पाहतो, कारण ज्याला आपण साक्ष देत आहोत हेच ठाऊक नाही, तो आपल्याला फसवू पाहणार नाही. इंजिनावरचे ठसे या दुसऱ्या वर्गातले. तशीच ती 'बिल्ड शीट'. गाडीत कोणकोणते भाग घालायचे हे जुळणीच्या रांगेतल्या कामगारांना सांगणारा हा कागद काम झाल्यावर आसनाच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जाई. तो तेथे कोणी जपून ठेवला नव्हता. उचलून फेकण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतकेच. आज तो सापडला तर मालकाला धन सापडल्यासारखे होते.

परंतु या भोळ्या साक्षीदाराची एक शोकांतिका आहे. त्याचा भोळेपणा त्याची साक्ष कोणी काढत नाही तोवरच टिकतो. १९७० च्या दशकात या गाड्या म्हणजे पेट्रोल पिणारी जुनी धुडे होती; तेव्हा पट्टीवरचे आकडे कोणी वाचत नव्हते आणि म्हणून कोणी खोटे लिहीतही नव्हते. पुढे त्या काळातली तरुण पोरे पैसेवाली झाली, लिलाव सुरू झाले, भाव चढले. २०१४ मध्ये १९७१ ची एक हेमी 'कुडा', उघड्या टपाची, पस्तीस लाख डॉलरांना विकली गेली. एवढा पैसा जेथे अक्षरांवर अवलंबून असतो, तेथे अक्षरे वाचणाऱ्यांमागोमाग ती लिहिणारेही येतात. आमच्या प्रांतात जमीन सनदेवर अवलंबून असे तेव्हा बनावट सनदा निघाल्या; हा त्याच मानवी स्वभावाचा दुसरा आविष्कार.

बनावट ठशाची रीत साधी आहे. योग्य ओतक्रमांकाचा आणि जवळपासच्या तारखेचा ब्लॉक मिळवायचा, पट्टीवरचे जुने ठसे घासून काढायचे आणि हवे ते नवे ठोकायचे. ते ओळखायची रीत मात्र सूक्ष्म आहे, आणि तिचे नाते हस्ताक्षराच्या परीक्षेशी आहे. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग या प्रक्रियेने सपाट होई. तिच्या पात्यांचे एका दिशेने जाणारे, बारीक, समांतर ओरखडे पट्टीवर राहत. घासून पुसलेल्या पट्टीवर ते नसतात, किंवा हाताने काढलेले म्हणून वाकडे असतात. दुसरी खूण दोन हातांची. इंजिनाचा ठसा इंजिनाच्या कारखान्यात पडे, गाडीच्या क्रमांकाचा ठसा गाडी जुळवणाऱ्या कारखान्यात. कित्येकदा शेकडो मैलांवर. पंच वेगळे, ठोकणारे वेगळे, खोली वेगळी. दोन्ही ठसे एकाच वळणाचे दिसले तर अभ्यासकाला शंका येते. पोथीचा मजकूर आणि तिच्या समासातली 'नंतरच्या मालकाची' नोंद एकाच बोरूने लिहिलेली आढळली, तर आपणही हेच म्हणू. आणि येथेही नेटकेपणा हा सद्गुण नव्हे. कारखान्यातले ठसे अनेकदा वाकडे, अर्धवट, एकावर एक पडलेले असत. पाठचिकित्सेत सोप्या पाठापेक्षा अवघड पाठाला झुकते माप देतात, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो. सोप्याचे अवघड क्वचितच. पट्टीवरचा फार सुबक ठसा पाहून जाणकार सावध होतो, तो याच न्यायाने.

अंतर्गत पुरावा असा डळमळू लागला की माणूस दफ्तराकडे वळतो. येथे घराण्याघराण्यांचे नशीब निराळे. पॉन्टियाकच्या १९६१ पासूनच्या गाड्यांच्या बिलांच्या सूक्ष्मफिती टिकल्या आणि 'पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' ही संस्था त्यांवरून गाडीचा दाखला देते. म्हणून १९६४ च्या जीटीओचा प्रश्न गाडीच्या क्रमांकावरून सुटत नसला तरी कागदावरून सुटतो. फोर्डची १९६७ पासूनच्या मॉडेलांची उत्पादननोंद टिकली आणि केव्हिन मार्टी यांनी ती परवान्याने मिळवून गाडीनिहाय अहवाल देण्याची सोय केली. क्रायस्लरने गाडीच्या क्रमांकाचे पाचवे अक्षरच इंजिनाला दिले होते. १९७० आणि १९७१ च्या गाड्यांत तेथे 'आर' असेल तर ती हेमी घेऊन जन्मली. शेव्हरोलेचे अमेरिकेतले तसे गाडीनिहाय दफ्तर मात्र हाताशी नाही. शेव्हेल आणि कमारो यांच्याबाबत पट्टीवरचे ठसे, सापडलीच तर बिल्ड शीट आणि मालकाच्या हमीपुस्तिकेत बसवलेला 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' हा धातूचा छोटा पत्रा, एवढ्यावरच निर्णय अवलंबून राहतो. दफ्तर जेथे मुके, तेथे बनावटीला मोकळे रान, हे वेगळे सांगायला नको.

आता या सर्व खटाटोपातला एक विरोधाभास पाहू. आम्हांला तो सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. या गाड्या कशासाठी विकत घेतल्या गेल्या होत्या? पळवण्यासाठी. शनिवारी रात्री पाव मैलाच्या शर्यतपट्टीवर इंजिनाचा जीव जाईपर्यंत पिळण्यासाठी. अशा पिळणुकीत ब्लॉक फुटत. हमीची मुदत असेल तर कंपनी नवा ब्लॉक देई. शेव्हरोलेच्या अशा बदली इंजिनांवर 'सीई' ही अक्षरे असत. मुदत संपली असेल तर मालक भंगारातून मिळेल ते इंजिन बसवी. त्याआधीच त्याने कंपनीचे जड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून फेकलेले असत, धूर कमी करण्यासाठी बसवलेले हवेचे पंप निरुपयोगी म्हणून कचऱ्यात टाकलेले असत. आज हेच टाकाऊ भाग शोधून सापडत नाहीत. म्हणजे ज्या गाडीने आपले विहित आयुष्य जगले, तिचे आकडे जुळत नाहीत. आणि जिचे आकडे जुळतात, ती बहुधा जपून चालवली गेली, किंवा चालवलीच गेली नाही. कीर्तनकाराच्या हातातली पोथी झिजते, तिची पाने बदलतात, समासात दुरुस्त्या येतात. पेटीत कुलूपबंद राहिलेली पोथी कोरी करकरीत राहते. आपण दुसरीला 'शुद्ध' म्हणतो. ती शुद्ध असेलही. पण तिने वाङ्मयाचा संसार केला का, हा प्रश्न उरतोच.

शिवाय आकडा नाहीसा होण्यासाठी लबाडीचीच गरज असते असे नाही. जुने इंजिन नव्याने बांधताना ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करण्यासाठी तो मशीनवर थोडा खरडतात. ठशांची पट्टी त्याच पातळीत असल्याने कारागीर सावध नसेल तर ठसे त्या खरडण्यात जातात. इंजिन अस्सल, मालक प्रामाणिक, कारागीर निष्पाप. आणि तरीही पुरावा नष्ट. अशा मालकाला मोह होतो तो खऱ्याचीच पुन्हा नक्कल करण्याचा : होते तेच आकडे पुन्हा ठोकले तर बिघडले कोठे? या प्रश्नावर संग्राहकांत आजही तट आहेत. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसणे हेच जीर्णोद्धाराचे प्रयोजन. दुसरा म्हणतो, पुन्हा ठोकलेला खरा आकडाही खोटाच, कारण तो आता १९७० चा साक्षीदार राहिला नाही.

आम्ही या दुसऱ्या पक्षाच्या बाजूचे आहोत. त्याचे कारण मात्र सांगितले पाहिजे. 'मूळ' या एका शब्दात येथे तीन निरनिराळे अर्थ कोंबले जातात. पहिला, जन्मजात : हाच भाग याच गाडीत कारखान्यात बसला. दुसरा, समकालीन : भाग दुसऱ्या गाडीतला, पण त्याच नमुन्याचा आणि त्याच काळातला. तिसरा, प्रतिकृती : जुन्या क्रमांकासह आणि हव्या त्या तारखेसह आज नव्याने बनवलेला. तिन्हींचा आपापला मान आहे. समकालीन कार्ब्युरेटर बसवलेली गाडी काही लाजिरवाणी नव्हे. अनर्थ होतो तो एका अर्थाचा माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो तेव्हा.

येथे आपल्या परंपरेतली दोन कामे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण आपण ती शुद्ध केली, आणि केव्हा केली, हे ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ही व्यासांची स्वहस्ताची प्रत आहे असा दावा कधीच केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जेथवर मागे जाता येते तेथवरची ही संहिता, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि नाकारलेला प्रत्येक महत्त्वाचा पाठ पानाच्या तळाशी जपून ठेवला. दुरुस्ती करणे हा गुन्हा नव्हे. दुरुस्तीची नोंद पुसणे हा गुन्हा.

आणि पट्टी घासणारा नेमके तेच करतो. बनावटीची चर्चा होते तेव्हा सगळ्यांचे लक्ष फसवल्या गेलेल्या खरेदीदाराकडे असते. पण ज्या ब्लॉकवर खोटा आकडा ठोकला, त्याच्यावर आधी एक खरा आकडा होता. तो कोणत्या तरी ट्रकचा असेल, कोण्या कुटुंबाच्या साध्या चार दरवाज्यांच्या गाडीचा असेल. त्याला बाजारात किंमत नव्हती. पण तो खरा होता, आणि त्या सामान्य गाडीचा जगात उरलेला तो कदाचित एकमेव पुरावा असेल. कोरे चर्मपत्र महाग म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिण्याची चाल मध्ययुगीन युरोपात होती. खरवडलेल्या त्या मजकुरांतले काही आज विशेष प्रकाशात वाचता येतात. बिडावरून मिलिमीटरभर खरडलेले अक्षर मात्र सहसा परत येत नाही. एका प्रतिष्ठित गाडीची खोटी वंशावळ रचताना एका अनाम गाडीची खरी वंशावळ नाहीशी होते. इतिहासात हे आपण अन्यत्रही पाहिले आहे.

अलीकडे चांगले कारागीर ब्लॉक मशीनवर चढवण्याआधी पट्टी स्वच्छ करून तिचे छायाचित्र घेतात, शक्य तेथे ती न खरडता सोडतात, आणि इंजिन बदलावेच लागले तर जुना ब्लॉक, फुटका का असेना, गाडीबरोबर जपून ठेवायला सांगतात. काही मालक 'हे इंजिन १९७१ मध्ये हमीखाली बदललेले आहे' असा कागद विक्रीच्या वेळी स्वतःहून पुढे करतात. त्यांना भाव थोडा कमी मिळतो. पण त्या गाडीच्या बॉनेटखाली जे लिहिलेले असते, ते सगळे खरे असते.